शेवटच्या डोसपर्यंत

मने, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. हो. अण्णांच्या वर्षश्राद्धासाठी बाजूला काढलेल्या ५० हजारांतून रस्त्यावरच्या काळूच्या इंजेक्शनांचा खर्च केलास तर काहीही बिघडत नाही. अण्णा असते तर आधी त्यांनी तुला चार शब्द सुनावले असते आणि मग स्वतःच पट्टा घेऊन खाली उतरले असते.

सासूबाई म्हणाल्या ना, "माणसं मरताहेत आणि आमची सून कुत्र्याला केमो देतेय"? रागावू नकोस गं त्यांच्यावर. त्यांच्या धाकट्या बहिणीचे उपचार पैशांपायी अर्ध्यावर सुटले होते, हे तूच मला सांगितलंस. ज्या बाईने ते डोळ्यांनी पाहिलंय तिला कुत्र्याच्या बिलाचा आकडा टोचणारच. वाद घालू नकोस. एक दिवस त्यांना घेऊन परळला ये, मी दोघींना फिरवते.

परळला टाटा हॉस्पिटल आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बैलघोडा हॉस्पिटल आहे. पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं लागतं. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी संस्था निघाली, तिचं हे हॉस्पिटल. दिनशा पेटिटांच्या पत्नी साकरबाई, त्यांचं नाव त्याला आहे. टाटाची गोष्टही एका पत्नीपासूनच सुरू होते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केलं. म्हणजे परळमध्ये जनावरांचं हॉस्पिटल आधी आलं आणि माणसांच्या कॅन्सरचं कितीतरी वर्षांनी. पहिल्यामुळे दुसऱ्याला पैसे कमी पडले असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. शिवाय सासूबाई गाडगेबाबांना मानतात ना? बाबांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार आहे आणि मुक्या प्राण्यांना अभयही आहे. एकाच यादीत, शेजारीशेजारी म्हणावं इतक्या जवळ.

आता परवानगी मिळाली म्हणून लगेच फोन काढून पैसे पाठवत सुटू नकोस. जरा ऐक.

इतकी वर्षं मी परळला स्वयंसेवक म्हणून जाते, त्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. कॅन्सरला मदत म्हटलं की आपल्याला औषध डोळ्यांसमोर येतं. महागडी बाटली, तिच्यासाठी जमवलेले लाख रुपये. तशी गरज असते, नाही म्हणत नाही. पण मी जेवढे उपचार अर्ध्यावर सुटताना पाहिले त्यांतले बरेचसे औषध नाही म्हणून सुटले नाहीत. औषध योजनेतून मिळत होतं, डॉक्टर तयार होते, पेशंटला गुणही येत होता. सुटलं ते दोन डोसांच्या मधल्या दिवसांत. राहायला जागा नाही, गावाकडे सोयाबीन काढणीला आलंय, धाकट्या पोराला सांभाळणारी आजी आजारी पडली, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत. माणूस "जाऊन येतो" म्हणून जातो आणि येत नाही.

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचंच घे. त्यातला जो सगळ्यांत जास्त आढळतो, त्यात चांगल्या ठिकाणी पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. पण "पूर्ण" म्हणजे किती, माहीत आहे? दोन-अडीच वर्षं. पहिले काही महिने तर हॉस्पिटलच्या जवळच राहावं लागतं, कारण ताप आला की तासाभरात पोचायचं असतं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा ताप साधा नसतो. आता जळगावचा किंवा बिहारमधला रोजंदारीवरचा बाप मुंबईत दोन वर्षं कसा राहणार? आणि मूल थोडं बरं दिसायला लागलं, खेळायला लागलं की घरचे फोनवर म्हणायला लागतात, "झालं की बरं, आता या परत." तिथेच घात होतो. बाहेरून बरं दिसणारं मूल आतून बरं झालेलं नसतं. टाटाच्या मुलांच्या विभागाने हे ओळखून कुटुंबांचा पाठपुरावा, राहण्याची सोय, जेवण, सगळं औषधाच्या बरोबरीने धरलं, तेव्हा अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण उतरलं. म्हणून मी तुला सांगते, पैसे द्यायचे तर त्या मधल्या दिवसांसाठी दे.

काळूचंही नेमकं तेच आहे. तुझ्या मेसेजवरून आणि फोटोवरून मला जे वाटलं तेच व्हेटनी सांगितलं. मूत्रमार्गापाशी फुलकोबीसारखी लालसर गाठ, अधूनमधून रक्त. टीव्हीटी म्हणतात त्याला. रस्त्यावरच्या कुत्र्यांत आपल्याकडे हा सर्रास दिसतो. विचित्र आजार आहे. कॅन्सर एरवी संसर्गाने पसरत नाही, हा पसरतो. मीलनातून, चाटण्याहुंगण्यातून कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की जगभरच्या कुत्र्यांतल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून आलेल्या आहेत. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याची गाठ अजून फिरतेय. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी "मुलांना लागेल" असं म्हटलं तर सरळ सांग, माणसाला हा होत नाही.

आणि हा बरा होतो, मने. बहुतेक कुत्री फक्त व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बरी होतात. आठवड्याला एक, साधारण चार ते सहा आठवडे, क्वचित थोडी जास्त. दर वेळी आधी रक्त तपासायचं, पेशी फार उतरल्या असतील तर एक आठवडा थांबायचं.

आता गंमत ऐक. हेच व्हिन्क्रिस्टीन टाटातल्या त्या ल्युकेमियाच्या मुलांनाही देतात. आणि ते निघतं कशातून? सदाफुलीतून. आपल्या परसातली, आई देवाला वाहायची ती गुलाबी सदाफुली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे औषध माणसांत वापरात आहे. पण खबरदार, सासूबाईंना हे सांगशील तर पुढचंही सांग, नाहीतर उद्या त्या पानांचा रस काढायला बसतील. त्या पानांत हे द्रव्य इतकं कमी असतं की चिमूटभर औषधासाठी पानांचा ढीग लागतो, आणि नुसती पानं पोटात गेली तर विषबाधा होते. शिरेत द्यायचं हे इंजेक्शन शिरेबाहेर थेंबभर सांडलं तरी मांस जळतं. म्हणून काळूला पकडायला अनुभवी माणूस हवा, आणि सुई व्हेटनेच लावायला हवी. प्रत्येक इंजेक्शननंतर पहिले दोन-तीन दिवस त्याची लघवी-शी हातमोजे घालून साफ करायची. तुमच्या मजल्यावरच्या त्या गरोदर मुलीला त्या कामात अजिबात घेऊ नकोस, तिने कितीही हौसेने हात पुढे केला तरी.

काळूच्या बाबतीत बाटली फार महाग नाही. खरा खर्च आहे तो दर आठवड्याला त्याला शोधून, पकडून, रिक्षात घालून नेण्याचा. दुसऱ्या इंजेक्शनला गाठ सुकायला लागते, रक्त थांबतं, लोक म्हणतात झालं बरं. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा सापडत नाही. पाचव्यात शोधणाराच कंटाळतो. मग गाठ परत येते, आणि काही वेळा मग ती या औषधाला दाद देत नाही. तेव्हा सोसायटीतले दोघेतिघे आत्ताच ठरवून घ्या, कोणत्या वारी कोण. किंवा त्या दीड महिन्यासाठी एखाद्या शेल्टरमध्ये पिंजऱ्याचे पैसे भर. पुण्यात असतीस तर रेस्क्यू संस्थेला फोन कर म्हटलं असतं. मुंबईत बैलघोडा आहे, आणि द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था १९८५ पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करतेय. आधी फोन करून विचार. त्यांच्याकडे जागा मर्यादित असते आणि आपल्यासारख्या हळव्या बायका भरपूर.

काळू बरा झाला की लगेच त्याची नसबंदी करून घे. माझं स्पष्ट मत विचारशील तर जनावरांच्या कॅन्सरसाठी दिलेला सगळ्यांत कामाचा रुपया नसबंदीचा. नर-मादी दोघांची झाली की हा टीव्हीटी पसरायची मुख्य वाटच बंद होते. मादीची वेळेत, म्हणजे पहिल्या माजाच्या आधी झाली तर तिला पुढे स्तनाची गाठ होण्याची शक्यता खूपच कमी होते. कुत्रीच्या स्तनातल्या गाठी साधारण निम्म्या घातक निघतात, मांजरीच्या तर बहुतेक सगळ्याच. या देणगीला टाळ्या मिळत नाहीत, फोटोत दाखवायला काही नसतं. पण वरून बघणाऱ्या अण्णांना हिशेब आवडेल.

तुझ्या मैत्रिणीच्या लॅब्राडॉरचं वेगळं आहे, तेही बोलते. त्याला लिम्फोमा झालाय आणि ती केमोसाठी लोकांकडून पैसे गोळा करतेय, तू द्यावेस का, असं विचारलंस. मैत्रीण म्हणून दे, तिच्याबरोबर क्लिनिकमध्ये जाऊन बस. अण्णांच्या पैशांतून नको. लिम्फोमाची बहुतेक कुत्री केमोने सुधारतात, छान जेवतात, शेपटी हलवतात, पण बहुतेकांचा आजार साधारण वर्षभरात परत येतो. जनावरांच्या केमोत डॉक्टर मुद्दाम बेताचा डोस धरतात. चांगले दिवस मिळावेत एवढाच हेतू असतो, समूळ बरं करण्याचा अट्टहास नसतो. त्या चांगल्या दिवसांसाठी मालकाने जरूर खर्च करावा, मला त्यात काही चूक वाटत नाही. पण दुसऱ्याने दान म्हणून दिलेला पैसा जिथे पाच इंजेक्शनांत आजार संपतो तिथे आधी जावा. हे ऐकून तिला वाईट वाटेल, म्हणून तिला हे सांगू नकोस. आणि तिला विचारायचंच असेल तर एवढं विचार, की डॉक्टरांनी थांबण्याबद्दल काही म्हटलंय का. खाणं बंद, उठणं बंद, दुखणं औषधालाही ऐकत नाही, अशी वेळ आली की शांतपणे झोपवून देणं हाही उपचारच असतो. तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी हवं.

मामाच्या सर्जा बैलाचं आठवतं का? आपण लहान होतो. सर्जा मान हलवत राहायचा, डोकं बाभळीला घासायचा, एका नाकपुडीतून रक्त यायचं, एक शिंग कलायला लागलं होतं. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कॅन्सर होतो, आणि याच त्याच्या खुणा. लवकर कळलं तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शिंग मुळापासून काढतात आणि बैल पुन्हा कामाला लागतो. उशीर झाला की तो कॅन्सर कवटीकडे सरकतो. मामाने "नजर लागली" म्हणून लिंबू बांधण्यात महिना घालवला नव्हता, तालुक्याला नेलं होतं. तुझ्या गावाकडच्या ग्रुपवर हे टाक. १९६२ नंबरवर फोन केला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो, हेही टाक. पैसा न लागणारी मदत म्हणजे ही.

आता माणसांकडे येऊ.

५० हजारांचे दहा-दहा जागी पाच-पाच हजार करू नकोस. दोन, फार तर तीन जागा धर. आणि एकदम देण्यापेक्षा महिन्याला थोडे दे. दिवाळीत आणि ऑक्टोबरात, गुलाबी रिबिनींच्या महिन्यात, पैसे येतात. एप्रिल-मेमध्ये सगळे गावाला जातात, तेव्हा धर्मशाळेच्या गॅसचं बिल काही गावाला जात नाही.

जागा कुठल्या? माझ्या मनातली पहिली राहण्याची. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे पेशंट नातेवाइकांसकट नाममात्र पैशांत राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. २००६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता बऱ्याच शहरांत आहेत. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली खोली, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, आणि पैसे घेत नाहीत. स्वयंपाकघर आहे हे मला फार मोठं वाटतं. कोल्हापूरच्या बाईला आपल्या लेकराला आपल्या हातचा गरम भात भरवता येतो. केमोने तोंड आलेलं मूल दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही गं.

दुसरी जागा, हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग. टाटाला आहे, बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत असतो. तिथल्या कार्यकर्त्यांना रोज कळत असतं की कुणाचा डोस कशामुळे अडलाय. कुणाला पीईटी स्कॅनचे पैसे कमी आहेत, कुणाला परतीचं तिकीट. त्यांच्या गरीब रुग्ण निधीत टाकलेला रुपया नेमका जातो. फोनवर बाळाचा फोटो आणि क्यूआर कोड येतो ना, डोळ्यांत पाणी आणणारा, त्यावर लगेच पैसे टाकू नकोस. हॉस्पिटलचं नाव विचार, फाइल नंबर विचार, आणि हॉस्पिटलच्या खात्यातच, त्या पेशंटच्या नावावर भरता येतात का ते बघ. खरी माणसं या प्रश्नाने रागावत नाहीत.

संस्थेचं म्हणशील तर इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून. या दुसऱ्या संस्थेचं एक काम मला कायम आठवतं. ग्लिव्हेक नावाची गोळी होती, रक्ताच्या एका कॅन्सरवर. परदेशी कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जायचा, आपल्याकडची जेनेरिक त्याच्या अगदी थोड्या भागात मिळायची. कंपनीने इथे पेटंट मागितलं, तर पेशंटांच्या बाजूने ही संस्था विरोधात उभी राहिली, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. हजारो माणसांची रोजची गोळी चालू राहिली. कुणाला वाटेल दानाचे पैसे कोर्टकचेरीत कशाला? मला वाटतं, याहून चांगल्या कामी ते क्वचितच लागले असतील.

आणि एक, जिच्या वाट्याला फारसं काही येत नाही अशी जागा. जिथे डोस संपलेत, आता पुढे औषध नाही, तिथल्या लोकांची. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासूनचं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. गोव्यात लोटलीलाही त्यांचं आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं. पैसे घेत नाहीत. दुखणं आटोक्यात ठेवतात, माणसाला माणसासारखं जपतात. बरं होणाऱ्या मुलासाठी पैसे देणारे मिळतात, न बरं होणाऱ्या म्हाताऱ्यासाठी थोडे. अण्णांचे शेवटचे दिवस आपण घरी काढले, कारण आपल्याला जमलं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तिसरा हिस्सा ठेव.

तुझ्या समोरच्या, केमो चालू असलेल्या शिंदेवहिनींचं सांगायचं राहिलं. पैसे द्यायला गेलीस तर घेणार नाहीत, आणि घेतलेच तर पुन्हा तुझ्याकडे वर मान करून बघणार नाहीत. त्यांना आधी त्यांचा हक्क मिळवून दे. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरचे कागद घे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते बघ. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठायचं. ते ज्या बड्या हॉस्पिटलात जातात ते धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी त्यांना बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. काउंटरवरचा माणूस स्वतःहून हे सांगणार नाही. उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, "धर्मादाय कोट्यातून अर्ज करायचाय" असं स्पष्ट शब्दांत म्हण, आणि "नाही" म्हणाले तर "लेखी द्या" म्हण. एका ठिकाणी मला तीन खिडक्यांवरून फिरवलं होतं. लेखी मागितल्यावर चौथ्या खिडकीवर फॉर्म निघाला. मुख्यमंत्री सहायता निधीचाही अर्ज असतो. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि एसी थ्री टायरमध्ये पूर्ण माफी आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलच्या सहीचा फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे.

आणि त्यांच्या घरी जाताना फुलं नेऊ नकोस, कापून ठेवलेली फळं नेऊ नकोस, कुणाला गोमूत्राने बरं वाटलं ते सांगू नकोस. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नकोस, ते कुणी सांगत नाही. "मंगळवारी फाइल घेऊन रांगेत मी उभी राहते, तुम्ही दहाला या," असं म्हण. मुलाला शाळेतून आणायचं काम माग. केमोनंतरच्या दोन दिवसांत त्यांना फोडणीचा वास सहन होत नसेल, तर त्यांच्या नवऱ्याचा डबा तुझ्या घरून जाऊ दे.

केस द्यायचं म्हणत होतीस. दे, माझा विरोध नाही, पण एका विगला बऱ्याच जणींचे केस लागतात आणि तुझे सगळे रंगवलेले आहेत. आधी संस्थेला विचार, रंगवलेले चालतात का, लांबी किती हवी. मला तुझ्याकडून केसांपेक्षा दुसरंच काही हवंय. प्लेटलेट्स.

केमोने प्लेटलेट्स उतरतात, आणि त्या उतरल्या की आपोआप रक्त जायला लागतं. पिशवीतल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. सणासुदीला, लाँग वीकेंडला रक्तपेढीत खडखडाट असतो, आणि त्याच दिवशी कुणाच्या तरी मुलाला लागतात. त्यांना एसडीपी म्हणतात, एकाच दात्याकडून मशीनवर काढतात. एका हाताच्या शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स बाजूला होतात, उरलेलं परत अंगात येतं. तास-दीड तास लागतो. रक्त दिल्यावर तीन-चार महिने थांबावं लागतं, इथे ४८ तासांनंतर पुन्हा देता येतात. आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, त्यापेक्षा जास्त नाही. तुझं वजन आता पन्नासच्या वर आहे, हे तू मागच्या महिन्यात रडत सांगितलंस, तेव्हा तो प्रश्न मिटला.

पुढच्या शनिवारी ये. आधी रक्तपेढीला फोन करून गट सांगून ठेव, म्हणजे गरज असेल त्या दिवशीच बोलावतील. तीन दिवस आधीपासून ॲस्पिरिन नको, डोकं दुखलं तर मला विचारून गोळी घे. सकाळी नीट जेवून ये, उपास असेल तर मोड. पाणी भरपूर पी. बाह्या वर जातील असा ड्रेस घाल आणि ओळखपत्र आण. सुई जाड असते, आधीच सांगून ठेवते. मी पलीकडच्या खुर्चीवर असेन.